आईच्या सत्तराव्या वाढदिवसासाठी युरोपातले कोणते शहर निवडावे?

काजळरेघ:

येत्या ऑक्टोबरच्या मध्यावर आमच्या आईला सत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. आम्ही तिघे भावंडे तीन वेगवेगळ्या ठिकाणी राहतो आणि गेल्या सहा वर्षांत आई आणि आम्ही तिघे सलग चार दिवससुद्धा एकत्र राहिलेलो नाही. म्हणून या वेळी मोठा समारंभ न करता युरोपातल्या एखाद्या शहरात चार रात्री फक्त आम्ही चौघांनी घालवायच्या, असे आम्ही ठरवले आहे. तारखा नक्की झाल्या आहेत, खर्चाची तरतूद तिघांनी मिळून केली आहे. अडले आहे ते शहरापाशी.

आईविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण त्याशिवाय सल्ला देणे कुणालाही अवघड जाईल. ती तीस वर्षे चित्रकलेची शिक्षिका होती. एखाद्या चित्रासमोर ती उभी राहिली की वेळेचे भान विसरते. निवृत्तीनंतर तिला पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची गोडी लागली आणि आता संध्याकाळचा एक तास ती नेमाने ते ऐकते. तिच्या उजव्या गुडघ्याची झीज झाली आहे. सपाट रस्त्यावर ती अर्धा-पाऊण तास सावकाश चालू शकते. जिना चढताना त्रास कमी आणि उतरताना जास्त होतो. व्हीलचेअरचा विषय काढलेला तिला आवडत नाही. आपल्यासाठी कुणी थांबले आहे हे लक्षात आले की, ‘मला कंटाळा आला आहे, तुम्ही जाऊन या’ असे म्हणून ती बाजूला होते. तिला कंटाळा आलेला नसतो, हे आम्हा तिघांनाही कळते, आणि या सहलीत ते वाक्य तिच्या तोंडून एकदाही यायला नको, ही माझी खरी इच्छा आहे.

आमच्यापुढे तीन नावे आहेत. धाकट्या भावाला लिस्बन हवे आहे, कारण ऑक्टोबरमध्ये तिथे ऊब असते आणि नदीचा मोकळा काठ आहे. मोठ्या बहिणीला व्हेनिस योग्य वाटते. आम्ही लहान असताना आई व्हेनिसची चित्रे दाखवून पाण्यावरचा प्रकाश कसा रंगवायचा ते आम्हाला समजावून सांगत असे. माझा कल व्हिएन्नाकडे आहे, परंतु मी तिथे एकदाच, कामानिमित्त, दीड दिवस गेले होते, त्यामुळे माझे मत कितपत भरवशाचे आहे हे मलाच सांगता येत नाही.

ज्यांनी वयस्कर आई-वडिलांना घेऊन अशी छोटी सहल केली आहे त्यांनी कृपया सांगावे की, गुडघ्याचा विचार करता या तिघांपैकी कोणते शहर खरोखर सोयीचे आहे आणि प्रत्यक्ष वाढदिवसाच्या दिवशी काय करावे. बेत गुपित ठेवून तिला आश्चर्याचा धक्का द्यावा, की आधीच सांगावे, यावरही आमच्यात एकमत नाही.


पाऊलवाट:

वडिलांच्या पंचाहत्तरीला आम्ही लिस्बनला गेलो होतो, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. शहर अतिशय सुंदर आहे आणि मी तिथे पुन्हा जाईन. पण ज्यांना उतरताना गुडघा दुखतो त्यांच्यासाठी हे शहर पहिल्या क्रमांकावर ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण केवळ चढ-उतारांचे नाही. तिथले पदपथ चुनखडीच्या लहान लहान पांढऱ्या तुकड्यांनी बांधलेले आहेत. ते वर्षानुवर्षांच्या वर्दळीने गुळगुळीत झाले आहेत आणि पावसाची एक सर आली तरी निसरडे होतात. ऑक्टोबरमध्ये तशी सर येऊ शकते. आमच्या वडिलांना दुखण्यापेक्षा घसरण्याची भीती अधिक होती. त्या भीतीने ते सतत खाली पाहत चालत होते आणि त्यामुळे शहर त्यांना दिसतच नव्हते. २८ क्रमांकाच्या जुन्या ट्रॅमने चढ टाळता येईल, अशी आमची कल्पना होती. परंतु ती ट्रॅम लहान आहे, पायऱ्या उंच आहेत आणि पहिल्या थांब्यावर लांब रांग लागते. बहुतेक वेळा आम्ही टॅक्सीनेच फिरलो.

आमची सर्वांत मोठी चूक निवासाच्या बाबतीत झाली. अल्फामा या जुन्या वस्तीतले छोटे हॉटेल आम्ही घेतले होते. त्याच्या माहितीत लिफ्ट आहे असे लिहिले होते आणि ते खरेही होते, पण त्या लिफ्टपर्यंत पोहोचायला चौदा पायऱ्या होत्या. दुसऱ्या दिवशी वडील खोलीतच थांबले, आणि ज्यांच्यासाठी आलो तेच मागे राहिल्यामुळे आम्हा कुणाचेच फिरण्यात मन लागेना. तेव्हापासून मी कोणत्याही हॉटेलला ‘लिफ्ट आहे का’ असे विचारत नाही. रस्त्याच्या कडेपासून खोलीच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत, हे मी लेखी विचारतो. हा एक प्रश्न शहर कोणतेही असले तरी जरूर विचारा.

तिसऱ्या दिवशी मात्र आम्ही बेलेमला गेलो आणि सहलीचा सूरच बदलला. तेजू नदीच्या काठाचा तो भाग सपाट आहे. १५०१ मध्ये बांधकाम सुरू झालेला जेरोनिमोस मठ तिथे आहे आणि त्याच्या चर्चमध्ये वास्को द गामाची समाधी आहे. मठाचे कोरीव काम वडिलांनी तासभर पाहिले आणि नंतर आम्ही नदीकडे तोंड करून बराच वेळ बसून राहिलो. बेलेमच्या बुरुजातला जिना अरुंद आणि चक्राकार आहे, म्हणून तो आम्ही बाहेरूनच पाहिला. रात्री फादो हे पोर्तुगालचे पारंपरिक गाणे ऐकले. गायन सुरू होताच दिवे मंद करतात आणि कुणी बोलत नाही. एवढ्या शांततेत सहसा ऐकायला मिळत नाही असे ते गाणे होते. आपल्या आईंना ते नक्की आवडेल, पण बैठका उशिरा रंगतात हे ध्यानात असू द्या.

भावाचा लिस्बनसाठी आग्रहच असेल, तर बायशा भागात राहावे. १७५५ च्या भूकंपानंतर तो भाग चौकोनी आखणी करून नव्याने बांधला गेला आणि तिथले रस्ते बरेचसे सपाट आहेत.


स्वरगंध:

काजळरेघ, आपला कल बरोबर दिशेने आहे. मी व्हिएन्नात अनेक वर्षे राहिले आहे आणि माझे आई-वडील सत्तरी ओलांडल्यावर तीन वेळा माझ्याकडे येऊन गेले, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आपण आईंचे जे वर्णन केले आहे त्यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते त्यांचे बाजूला होणे. अशा माणसाला कमी चालावे लागेल असे शहर पुरेसे नसते. जिथे बसणे हाच दिवसाचा स्वाभाविक भाग असतो असे शहर लागते. आईंसाठी म्हणून सगळे थांबले असे त्यांना वाटता कामा नये, सगळ्यांनाच बसायचे होते असे वाटले पाहिजे. व्हिएन्नात हे आपोआप घडते. तिथल्या कॉफीगृहांची परंपरा २०११ मध्ये ऑस्ट्रियाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवली गेली. धातूच्या छोट्या तबकात कॉफी आणि सोबत पाण्याचा पेला येतो, आणि त्या एका कॉफीवर दोन तास बसले तरी कुणी उठा म्हणत नाही. मुलांनी एखादी गल्ली फिरून यावे आणि आईने तिथेच वर्तमानपत्र चाळत बसावे, यात तिथे कुणाला काही वावगे वाटत नाही.

आता गुडघ्याविषयी. शहराचा मध्यभाग पुष्कळसा सपाट आहे. सम्राट फ्रान्झ योसेफ यांनी १८५७ मध्ये जुनी तटबंदी पाडण्याचा आदेश दिला आणि तिच्या जागी रिंगश्ट्रासे हा रुंद रस्ता झाला. ऑपेरागृह, मोठी संग्रहालये, संसद, नगरभवन हे सारे त्याच रस्त्यावर आहे. १ आणि २ क्रमांकाच्या ट्रॅम त्याच्या मोठ्या भागावरून जातात. भुयारी रेल्वेच्या सर्व स्थानकांवर पायऱ्यांशिवाय पोहोचता येते. ट्रॅमच्या बहुतेक गाड्या कमी उंचीच्या आहेत, पण सगळ्या नाहीत. थांब्यावरच्या फलकावर व्हीलचेअरचे चिन्ह दिसले की येणारी गाडी कमी उंचीची आहे असे समजावे, आणि तसे चिन्ह नसेल तर पुढच्या गाडीची वाट पाहावी. विमानतळावरून शहराच्या मध्यभागातल्या वीन मिट्टे स्थानकापर्यंत जलद रेल्वे सोळा मिनिटांत पोहोचते. साधी उपनगरी गाडी थोडा अधिक वेळ घेते आणि तिचे भाडे बरेच कमी आहे.

चित्रांच्या बाबतीत मात्र मी मोकळेपणाने आग्रह धरीन. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये पीटर ब्रॉयगल यांच्या चित्रांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह आहे. ‘बर्फातले शिकारी’, ‘बाबेलचा मनोरा’, शेतकऱ्यांच्या लग्नाचे जेवण ही सगळी चित्रे तिथे आहेत. ब्रॉयगल यांनी १५६५ मध्ये वर्षाच्या ऋतूंवर एक चित्रमालिका केली. तिच्यातली पाच चित्रे आज उरली आहेत आणि त्यांपैकी तीन या संग्रहालयात आहेत. त्यांतले एक म्हणजे शरद ऋतूत कुरणांवरून गावाकडे परतणारी गुरे. ऑक्टोबरमध्ये वाढदिवस असलेल्या, चित्रकलेत आयुष्य गेलेल्या बाईंना त्या चित्रासमोर बसता यावे, यापेक्षा चांगली भेट मला सुचत नाही. बसता यावे असे मी मुद्दाम लिहिले, कारण तिथल्या दालनांत गादीची प्रशस्त आसने आहेत. दर्शनी पायऱ्या टाळायच्या असतील तर पायऱ्या नसलेले प्रवेशद्वार कुठे आहे ते आधी विचारून ठेवा. आत गेल्यावर मात्र आईंना मुख्य जिना निदान खालून तरी दाखवा. त्याच्या कमानींच्या कोपऱ्यांत चित्रकार क्लिम्ट यांनी तरुणपणी केलेली चित्रे आहेत. गुरुवारी संग्रहालय रात्री नऊपर्यंत उघडे असते आणि संध्याकाळी गर्दी कमी होते. घुमटाखालचे कॉफीगृह तर वाढदिवसाच्या दुपारसाठीच बांधले आहे असे वाटते.

क्लिम्ट यांचे ‘चुंबन’ वरच्या बेल्व्हेडेर प्रासादात आहे. तिथे नेहमी गर्दी असते, म्हणून सकाळी उघडताच जावे. आल्बर्टिना या संग्रहालयाविषयी एक सूचना करते. ड्यूरर यांनी १५०२ मध्ये काढलेला ससा पाहण्यासाठी अनेक जण तिथे जातात, परंतु प्रकाशाने रंग उडू नयेत म्हणून मूळ चित्र क्वचितच बाहेर काढतात. चित्रकलेच्या शिक्षिकेला त्या सशाचे आकर्षण असणारच, तेव्हा तिथे बहुधा प्रतिकृती दिसेल हे आईंना आधी सांगितलेले बरे. शोनब्रुन राजवाड्याच्या बागेत प्रवेशशुल्क नाही, मात्र टेकडीवरच्या ग्लोरिएट या कमानींच्या वास्तूपर्यंत चढण आहे. बाग खालूनच पाहावी.

संगीताचा हंगाम सप्टेंबरपासून जूनपर्यंत असतो, म्हणजे आपली वेळ उत्तम आहे. १८७० मध्ये उघडलेले म्युझिकफेराइनचे सोनेरी सभागृह एकदा तरी अनुभवावे असे आहे. रस्त्यावर जुन्या काळचे कोट आणि पांढऱ्या केसांचे टोप घालून तिकिटे विकणारे लोक आपल्याला भेटतील. ते विकतात त्या मैफली पर्यटकांसाठी केलेल्या असतात. आपल्या आई रोज नेमाने ऐकणाऱ्या आहेत, त्यांना त्याने समाधान होणार नाही. तिकीट सभागृहाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढावे आणि कडेची खुर्ची मागावी, म्हणजे गुडघा दुमडून ठेवावा लागणार नाही. ऑपेराला जायचे ठरले तर प्रत्येक खुर्चीसमोर लहान पडदा असतो आणि त्यावर संवादांचा अनुवाद वाचता येतो.

निवासाबाबत पाऊलवाट यांच्या अनुभवाला पुस्ती जोडते. व्हिएन्नाच्या जुन्या इमारतींत तळमजल्यानंतर कधी ‘होखपार्टेर’ आणि ‘मेझानिन’ असे दोन मजले येतात आणि मगच पहिला मजला सुरू होतो. पहिल्या मजल्यावरची खोली प्रत्यक्षात तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर असू शकते. तेव्हा मजल्याचा क्रमांक वाचून निर्धास्त होऊ नका. रविवारी दुकाने बंद असतात, त्यामुळे आईंसाठी काही वेगळे खायला लागत असेल तर ते शनिवारीच आणून ठेवावे.


खारावारा:

व्हिएन्नाविषयी वर लिहिलेले सगळे मला मान्य आहे, तरी व्हेनिस इतक्या लवकर यादीतून जाऊ नये असे मला वाटते. शहरात चारशेहून अधिक पूल आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाला पायऱ्या आहेत. त्यातही पूल चढला की उतरावाच लागतो, म्हणजे आपल्या आईंना जो त्रास आहे नेमका तोच. ही वस्तुस्थिती लपवण्यात अर्थ नाही. पण व्हेनिस पायी पाहावे अशी सक्ती कुणी केलेली नाही. १ क्रमांकाची जलबस ग्रँड कॅनॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, या काठावरून त्या काठावर थांबत, अगदी सावकाश जाते. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पुढच्या उघड्या भागात जागा मिळाली, तर पाण्यावरचा प्रकाश पाहण्यासाठी यासारखे दुसरे ठिकाण नाही. पंचाहत्तर मिनिटांच्या एका तिकिटाला साडेनऊ युरो पडतात. म्हणून तीन दिवसांचा पास घ्यावा आणि जलबसलाच आपली बसण्याची जागा समजावे.

राहण्यासाठी अकादेमिया थांब्याच्या जवळची जागा शोधा. तिथून रिओ तेरा फोस्कारिनी हा रस्ता सरळ झात्तेरेच्या रुंद किनाऱ्यावर जातो. ‘रिओ तेरा’ म्हणजे बुजवून रस्ता केलेला कालवा. त्यामुळे या वाटेवर पूल नाही. एका टोकाला अकादेमियाचे चित्रसंग्रहालय आणि दुसऱ्या टोकाला ऊन आणि पाणी, एवढ्यात आईंचा एक पूर्ण दिवस आनंदात जाईल. दुसरा दिवस तिंतोरेत्तो या व्हेनिसच्या चित्रकारासाठी ठेवा. सान रोक्कोच्या सभागृहात छतावरची चित्रे पाहताना मान दुखू नये म्हणून हातात धरायचे आरसे मिळतात. माझी आई तो आरसा मांडीवर धरून बाकावर इतकी रमली की आम्हाला तिला उठवावेसे वाटेना. जवळच्या फ्रारी चर्चमध्ये मुख्य वेदीवर तित्सियानो यांनी १५१८ मध्ये पूर्ण केलेले मरियमेच्या स्वर्गारोहणाचे भव्य चित्र आहे. ज्या जागेसाठी ते काढले, आज तिथेच ते पाहायला मिळते.

ऑक्टोबरमध्ये भरतीचे पाणी चढण्याचा काळ सुरू होतो. २०२० पासून खाडीच्या मुखाशी उभारलेले अडथळे मोठी भरती थोपवतात, त्यामुळे पूर्वीइतकी चिंता राहिलेली नाही. २०२४ पासून वसंत-उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतात. शहरात मुक्काम करणाऱ्यांना ते माफ असते, पण नोंदणी करावी लागते. ऑक्टोबरच्या मध्याला हा प्रश्न बहुधा येणार नाही.

चार रात्री आणि तिघे मुले सोबत असताना व्हेनिस जमते. त्यासाठी रोज एकच ठिकाण ठरवण्याची तयारी मात्र हवी. मुलांना अधिक पाहायचे असेल तर व्हेनिसमध्ये ओढाताण होईल.


निळी शाई:

इथे सगळे शहरांविषयी बोलत आहेत. मी गुपिताविषयी बोलते. कृपया गुपित ठेवू नका. आम्ही वडिलांच्या साठीला ते केले होते. त्यांना विमानतळावर पोहोचेपर्यंत काही सांगितले नव्हते. नंतर त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण तीन दिवस ते आमच्या बेतामागून पाहुण्यासारखे चालत राहिले. सहलीचा निम्मा आनंद आधीच्या दोन-तीन महिन्यांत असतो. काय पाहायचे ते वाचावे, मनात ठरवावे, सोबत कोणता कोट न्यायचा यावर विचार करावा, हे सुख त्यांचे होते आणि आम्ही ते काढून घेतले. सत्तर वर्षांच्या माणसाला आपल्या शरीराची तयारीही करावी लागते. औषधे, बूट, गुडघ्याचा पट्टा, थोडा चालण्याचा सराव. आश्चर्य द्यायचेच असेल तर एका संध्याकाळपुरते द्या, मैफलीच्या तिकिटाचे द्या. शहर मात्र त्यांना विचारून ठरवा, आणि विचारताना तीन नावे पुढे न ठेवता, ‘एकच चित्र प्रत्यक्ष पाहायचे असेल तर कोणते पाहशील?’ असे विचारा.

त्यांचे उत्तर व्हेलास्केथ किंवा गोया या स्पॅनिश चित्रकारांपैकी कुणाचे चित्र असे आले, तर माद्रिदचा विचार करावा लागेल. प्रादो, राणी सोफिया आणि थिसेन ही तिन्ही संग्रहालये एकमेकांपासून थोड्याच अंतरावर, झाडांच्या सावलीत बाके असलेल्या एका रुंद रस्त्याच्या आसपास आहेत. ‘लास मेनिनास’ आणि ‘गेर्निका’ ही दोन्ही चित्रे एका मुक्कामात पाहता येतात. अडचण जेवणाची आहे. रात्रीच्या जेवणासाठी उपाहारगृहे साडेआठ-नऊच्या आधी सहसा उघडत नाहीत, आणि लवकर जेवून झोपणाऱ्या माणसाला चार रात्री ते जड जाते.


तळटीप:

कागदपत्रे आणि विमानप्रवासाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तारखा ठरल्या आहेत म्हणजे घड्याळ सुरू झाले आहे. आईंच्या पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागत असेल, तर अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. मात्र पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नये, भेटीची वेळ मिळण्यातच कित्येक आठवडे जाऊ शकतात. ज्या देशात मुख्य मुक्काम असेल त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो, म्हणून शहर ठरल्याशिवाय पुढचे काही हलत नाही. प्रौढांसाठी शुल्क नव्वद युरो आहे. वैद्यकीय विमा किमान तीस हजार युरोंचा हवा आणि त्यात पूर्वीच्या आजारांविषयी काय लिहिले आहे ते वाचून घ्या. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालेल्या नव्या सीमानोंदणी पद्धतीत पहिल्या प्रवेशाच्या वेळी चेहऱ्याचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतात, त्यामुळे रांगेत उभे राहावे लागू शकते.

यासाठीच पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार, चालण्यास त्रास असलेल्या प्रवाशाला विमानतळावर मदत विनामूल्य मिळते. त्यासाठी प्रवासाच्या ४८ तास आधी विमान कंपनीला कळवावे लागते. ही मदत म्हणजे व्हीलचेअरच असे नाही. ‘लांब अंतर चालता येत नाही, जिना उतरताना त्रास होतो’ एवढे लिहिले तरी पुरते. अनेक ठिकाणी छोटी विजेची गाडी येते. आईंना संकोच वाटत असेल तर भावंडांपैकी एकाने त्यांच्यासोबत त्या गाडीत बसावे. मोठ्या विमानतळांवर दाराचे अंतर कधी कधी वीस-पंचवीस मिनिटांचे असते. पहिल्या दिवसाची सगळी चालण्याची ताकद तिथेच खर्च झाली, तर शहर कितीही सपाट असून उपयोग नाही. शक्य असेल तर थेट विमानच घ्या. आणि चार रात्रींचा बेत असला तरी पहिली संध्याकाळ पूर्ण रिकामी ठेवा.


काजळरेघ:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन दिवस उत्तर दिले नाही, कारण निळी शाई यांचा प्रश्न आईला विचारायचा होता आणि तो दूरध्वनीवर, घाईत विचारावासा वाटला नाही. शेवटी काल रात्री तिघांनी मिळून तिला सगळा बेत सांगितला.

एकच चित्र पाहायचे असेल तर कोणते, असे विचारल्यावर ती क्षणभर गप्प झाली आणि मग तिने उलट विचारले, ‘त्या बर्फातल्या शिकाऱ्यांच्या चित्रात दूर गोठलेल्या तळ्यावर माणसे खेळताना दिसतात, ती मूळ चित्रात स्पष्ट दिसतात का?’ तिने ते चित्र एका जुन्या दिनदर्शिकेतून कापून ठेवले होते. पुढच्या आकृती मोठ्या आणि गडद, मागच्या लहान आणि फिकट, असे अंतर कसे दाखवावे हे ती त्या कागदावरून वर्गात शिकवत असे. छपाई इतकी पुसट झाली होती की तळ्यावरची माणसे तिला ठिपक्यांसारखी दिसत. मूळ चित्र सुमारे अडीच हात उंच आणि साडेतीन हात रुंद आहे, हे मी तिला वाचून दाखवले तेव्हा ‘एवढे मोठे?’ असे म्हणून तिने दोन्ही हात पसरून पाहिले. बहिणीने व्हेनिसचे नाव त्याच क्षणी मागे घेतले.

तेव्हा व्हिएन्ना नक्की झाले. वाढदिवस गुरुवारी येतो आहे, म्हणून सकाळी काही न ठेवता दुपारी उशिरा संग्रहालयात जायचे, घुमटाखाली कॉफी घ्यायची आणि गर्दी ओसरल्यावर ब्रॉयगलच्या दालनात तिला हवा तितका वेळ बसायचे, असे ठरले आहे. मैफल दुसऱ्या दिवशी. ती मात्र तिला सांगितलेली नाही. हॉटेलांना पायऱ्यांचा प्रश्न लेखी पाठवला आहे. तिघांची उत्तरे आली. एकाने सहा पायऱ्या असल्याचे प्रामाणिकपणे कळवले, एकाने प्रश्न टाळून फक्त लिफ्ट असल्याचे लिहिले, आणि एकाने रस्त्यापासून खोलीपर्यंत एकही पायरी नसल्याचे सांगून दाराचे छायाचित्रही जोडले. त्या तिसऱ्या हॉटेलात आज दोन खोल्या घेतल्या.

स्वरगंध, आपल्याला एकच विचारायचे राहिले. सोनेरी सभागृहात खाली बसावे की बाजूच्या सज्जात? आईला वादकांचे हात दिसायला हवे आहेत.


स्वरगंध:

खालीच बसा, पण अगदी पुढच्या रांगांत नको. वादक उंच मंचावर असतात, त्यामुळे फार पुढून पहिल्या ओळीतल्या वादकांपलीकडे काही दिसत नाही. मध्यापासून थोडे मागे, कडेची खुर्ची घ्या. बाजूच्या सज्जातून वादक जवळ दिसतात हे खरे आहे, पण पहिली रांग मिळाली तरच. मागच्या रांगेतून पाहण्यासाठी पुढे वाकावे लागते किंवा उभे राहावे लागते, आणि पायऱ्याही चढाव्या लागतात. तिकीट घेतल्यावर सभागृहाला पत्र पाठवून लिफ्टने कुठून यायचे ते विचारा.

आणि तळ्यावरची माणसे स्पष्ट दिसतात. एक जण बर्फावर पडलेला आहे, तोसुद्धा दिसतो.